दिवा, पाखरू आणि घंटा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सांगलीपासून जवळच, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे, हरिपूर आहे. नाटककार देवलांचं हे गाव. पण व्यापाऱ्यांना ते माहीत आहे हळदीच्या पेवांसाठी. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद, एखादा प्रचंड रांजण पुरून ठेवावा तशी ही पेवं. आत हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं, की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवं पाण्याखाली गेली आणि खराब झाली. माझ्या लहानपणी मात्र ती भरभराटीत होती.

अब्बा हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायचो. पेव उघडण्याचं काम बापू नावाच्या म्हाताऱ्या हमालाकडे असे. वरची माती काढायची, तोंड उघडं करायचं आणि मग काहीही न करता बराच वेळ बसून राहायचं. त्यानंतर बापू एक पेटता कंदील दोरीला बांधून हळूहळू आत सोडायचा. कंदील तळापर्यंत जळत गेला तर माणूस उतरायचा. मध्येच विझला तर वर ओढायचा आणि पुन्हा बसायचं.

एकदा भाव चढला होता, ट्रक येऊन उभा होता आणि कंदील दोनदा विझला. पेढीचे मालक घायकुतीला आले. म्हणाले, "बापू, किती वेळ लावतोस रं? ड्रायव्हर बोंबलायलाय." बापूनं चिलीम बाजूला ठेवली आणि म्हणाला, "दिवा जगला तर माणूस जगंल, मालक. तुमी म्हनताय म्हून दिवा पेटत न्हाई." मालक पुटपुटले, पण थांबले. तो ट्रक दुपारी भरला.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. मी कवितेतला माणूस. बी.ए. झालो तेही भाषा घेऊन. यंत्रांशी माझा संबंध पंखा बिघडला की मेकॅनिक बोलावण्यापुरता. पण माझा एक भाचा रासायनिक कारखान्यांतले निर्वात पंप, म्हणजे व्हॅक्यूम पंप, बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतो. एकदा तो सांगत होता, "मामू, काही वायू असे असतात की हवेचा स्पर्श झाला की आपोआप पेटतात. सिलेन म्हणून एक आहे, चिप बनवायच्या कारखान्यात लागतो. असा वायू पंपातून ओढायचा तर त्यात सतत नायट्रोजन सोडून तो पातळ करत राहावं लागतं. नायट्रोजनचा प्रवाह कमी झाला की वायूची झडप आपोआप बंद होते. माणसानं बटण दाबलं तरी उघडत नाही. यालाच इंटरलॉक म्हणतात." मला एकदम बापूचा कंदील आठवला. दिवा विझला तर माणूस उतरणार नाही. तोही इंटरलॉकच होता, फक्त तो लोखंडाचा नव्हता, एका म्हाताऱ्याच्या हट्टाचा होता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. विषारी हवेची चाहूल माणसाला कशी लागत आली आणि ती लागल्यावर काम कोण थांबवत आलं, याचा हा इतिहास आहे. त्यातल्या काही गोष्टी आज तुम्हाला सांगायच्या आहेत.

निर्वात पंपापासूनच सुरुवात करू. तो पहिल्यांदा बनवला जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराच्या नगराध्यक्षांनी, ओटो फॉन गेरिके यांनी, १६५० च्या सुमारास. तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावायचे, आतली हवा काढून घ्यायची आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपायचे. घोड्यांनाही ते वेगळे करता येईनात. गावकरी थक्क झाले. पुढे इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी रॉबर्ट हूक यांच्या मदतीनं काचेच्या भांड्याचा पंप तयार केला आणि १६६० साली त्याच्या प्रयोगांचं पुस्तक काढलं. भांड्यात मेणबत्ती ठेवली, हवा काढली, ती विझली. पक्षी ठेवला, तो तडफडून पडला. दिवा आणि प्राण या दोघांनाही हवेतलंच काहीतरी लागतं, हे तिथे दिसलं. प्राणवायू हे नाव तेव्हा नव्हतं. तो वेगळा ओळखला गेला त्यानंतर शंभरेक वर्षांनी.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जोसेफ राइट या चित्रकाराचं १७६८ सालचं एक मोठं चित्र आहे. मी ते छापील पुस्तकातच पाहिलं आहे. रात्रीची वेळ, मेजाभोवती एक कुटुंब जमलेलं, मध्ये पंपाचं काचेचं भांडं आणि त्यात पांढरा काकाकुवा. हवा काढून घेतलेली आहे, पक्षी मान टाकतो आहे. एका मुलीनं डोळे झाकून घेतले आहेत. प्रयोग करणाऱ्या माणसाचा हात वरच्या तोटीवर आहे. तोटी उघडली तर हवा आत जाईल आणि पक्षी वाचेल. तो उघडणार की नाही, हे चित्रात कळत नाही. पुढची अडीचशे वर्षं औद्योगिक सुरक्षेचा सगळा प्रश्न त्या तोटीवरच्या हातात आहे, असं मला वाटतं. धोका दिसतो आहे. प्रश्न एवढाच, की हात हलणार का?

आता जमिनीखाली जाऊ. पेवात कंदील राखणदार होता. कोळशाच्या खाणीत तोच वैरी ठरला. पेवात साचतो तो कार्बन डायऑक्साइड. तो ज्योत विझवतो. हवेतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून सोळा-सतरावर आला की कंदील जातो, पण माणूस तेवढ्यानं लगेच मरत नाही. ज्योत आधी जाते आणि मधल्या अवधीत माणूस वाचतो. कोळशाच्या खाणीत मात्र मिथेन असतो. तो हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला आणि त्याला उघडी ज्योत भेटली, की स्फोट. आणि खाणीत ज्योतीशिवाय दिसणार कसं? २५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या ईशान्येला फेलिंग इथल्या खाणीत असा स्फोट झाला आणि ९२ माणसं आणि मुलं गेली. हो, मुलंसुद्धा. तिथले धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनी या दुर्घटनेचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. त्यातून एक समिती उभी राहिली आणि तिनं प्रख्यात शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांना साकडं घातलं.

डेव्हींनी काही महिन्यांतच उत्तर काढलं. ९ नोव्हेंबर १८१५ रोजी त्यांनी रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. पुढच्या जानेवारीत खाणीत चाचणी झाली ती त्यांच्या जाळीच्या दिव्याची. कल्पना साधी होती. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी लावायची, चौरस इंचात ७८४ छिद्रं. वायू आत शिरतो, आतल्या आत जळतोही, पण धातूची जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आग बाहेर पडत नाही. त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन यांनी, म्हणजे पुढे रेल्वेसाठी नाव गाजवलेल्या त्याच गृहस्थांनी, स्वतंत्रपणे दिवा बनवला होता आणि डॉ. क्लॅनी यांनी त्याच्याही आधी. श्रेयावरून वाद झाला. डेव्हींनी मात्र दिव्याचं पेटंट घेतलं नाही, हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं.

या दिव्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा होता. हवेत मिथेन असला की ज्योतीच्या टोकाला फिकट निळी टोपी चढायची. ती किती उंच आहे यावरून अनुभवी खाणकामगार वायूचं प्रमाण ओळखायचा. उजेड देणारी वस्तूच आता चाहूल देऊ लागली. आजच्या भाषेत तो सेन्सर झाला.

मग खाणकामगारांचे प्राण वाचले का? इथे इतिहास आपल्याला चकवतो. १८३५ साली ब्रिटिश संसदेच्या समितीनं हिशेब मांडला, तेव्हा त्या भागात दिवा येण्याआधीच्या १८ वर्षांपेक्षा नंतरच्या १८ वर्षांत जास्त माणसं मेली होती. खाणी वाढल्या होत्या, हे एक कारण. पण दुसरं जास्त बोचरं आहे. वायूमुळे ज्या थरांकडे पूर्वी कोणी फिरकत नव्हतं, ते 'आता दिवा आहे ना' म्हणून मालकांनी खणायला काढले. जाळी गंजायची, फाटायची. तिचा उजेड इतका मंद, की वजनावर मजुरी मिळणारा माणूस जाळी काढून काम करायचा. सुरक्षेचं साधन मिळालं आणि त्याच्या भरवशावर धोका वाढवला गेला.

यावर उपाय म्हणून दिव्याला कुलूप आलं. काही दिवे असे केले, की उघडायला गेलं की ज्योत आपोआप विझावी. काहींचं कुलूप फक्त खाणीबाहेरच्या दिवाघरातल्या मोठ्या लोहचुंबकानंच निघे. हा खरा इंटरलॉक. एक गोष्ट झाल्याशिवाय दुसरी होऊच नये, अशी बांधणी. लिफ्टचं दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही, तसंच. याच शतकात रेल्वेतही हे चाललं होतं. १८५६ साली जॉन सॅक्सबी यांनी सिग्नल आणि सांधे एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं. सांधा चुकीचा असेल तर सिग्नल पडायचाच नाही, सांधेवाला कितीही दमलेला असो. माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्र बांधायचं, ही मोठी शहाणपणाची आणि मला तर वाटतं, दयेचीही कल्पना आहे.

मिथेनची चाहूल ज्योत देत होती. पण स्फोटानंतर खाणीत एक दुसरा वायू पसरतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, ज्योतीला तो कळत नाही. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला, तेव्हा जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञानं मृतदेह तपासले. बहुतेक जण स्फोटानं नव्हे, तर नंतरच्या या वायूनं गेले होते. हाल्डेन यांनी त्याआधी स्वतः तो वायू हुंगून, स्वतःचं रक्त तपासून त्याचा परिणाम नोंदवला होता. आपल्यापेक्षा लवकर बेशुद्ध होणारा लहान जीव बरोबर न्यावा, असं त्यांनी सुचवलं. आधी उंदीर, मग कॅनरी. इवल्या पाखराचा श्वास जलद असतो. ते दांडीवरून पडलं की माणसानं मागं फिरायचं.

हाल्डेन यांच्या मुलाची एक आठवण सांगतो. वडिलांनी त्याला लहानपणी खाणीत नेलं, छताशी मिथेन साचलेल्या जागी उभं केलं आणि शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधलं अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. थोड्या ओळींतच त्याचे पाय लटपटले आणि तो खाली बसला. जमिनीजवळ हवा बरी होती, तिथे तो सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका, वर साचतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. हा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. मोठेपणी ते जगप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ झाले, १९५७ साली भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

विसाव्या शतकात ब्रिटिश खाणींत कॅनरी पाळण्याची रीतच पडली. तिच्यासाठी एक खास पिंजराही निघाला. पाखरू पडलं की पिंजऱ्याचं दार बंद करायचं आणि वर बसवलेल्या छोट्या नळकांड्यातून प्राणवायू सोडायचा. पाखरू पुन्हा उठून बसे. संग्रहालयातल्या त्या पिंजऱ्याचं छायाचित्र मी पाहिलं आणि राइटच्या चित्रातला तो हात आठवला. इथे कोणीतरी तोटी उघडली होती. खाणकामगार या पाखरांशी बोलायचे, त्यांना शीळ घालायचे. १९८६ च्या डिसेंबरमध्ये उरलेल्या सुमारे दोनशे कॅनरींना निवृत्त करून विजेची उपकरणं आणण्याचं जाहीर झालं.

ही उपकरणं खूप आधीपासून घडत होती. १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेत ऑलिव्हर जॉन्सन यांनी तेलाच्या टाक्यांतला वायू ओळखण्यासाठी तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेचा उपयोग केला. वायू तारेवर जळतो, तार आणखी तापते, तिच्यातून जाणारी वीज बदलते आणि काटा हलतो. १९६२ साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा सेन्सर काढला. घरगुती गॅसच्या गळतीची सूचना देणारी कितीतरी उपकरणं त्याच्याच वंशातली आहेत.

भाच्यानं यातल्या दोन गोष्टी समजावल्या, त्या मला कवितेइतक्या महत्त्वाच्या वाटल्या. पहिली अशी, की हे सेन्सर मुकाट मरू शकतात. सिलिकॉनची वाफ तारेवर बसली तर वर काचेसारखा थर चढतो, मग समोर वायू आला तरी ते काही बोलत नाहीत. म्हणून ठरलेल्या दिवशी मुद्दाम थोडा वायू सोडून घंटा वाजते का, हे पाहावं लागतं. दुसरी अशी, की चांगला सेन्सर सगळं ठीक असतानाही गप्प बसत नाही. तो चार मिलीअँपिअरचा बारीकसा प्रवाह सतत पाठवत राहतो. जणू म्हणत असतो, मी आहे, मी आहे. तो प्रवाह शून्य झाला तर 'धोका नाही' असा अर्थ नसतो. तार तुटली, असा असतो. शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे यंत्रांच्या जगानं नियम म्हणून मान्य केलं आहे. आपण माणसांनी ते मानलं का?

हा प्रश्न विचारला की भोपाळला जावंच लागतं.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट होतं, चाळीस टनांच्या आसपास. टाकीत पाणी गेलं, ते तापलं, उकळलं. हे होऊ नये आणि झालंच तर बाहेर पडू नये, यासाठी तिथे एकामागून एक व्यवस्था होत्या. टाकी थंड ठेवणारं शीतयंत्र जूनपासून बंद केलेलं होतं. वायू धुऊन निरुपद्रवी करणारा मनोरा वापराबाहेर ठेवला होता. वायू जाळणारी ज्योत पेटू शकत नव्हती, कारण तिच्याकडे जाणारा नळाचा तुकडा काढून ठेवला होता. पाण्याचे फवारे होते, पण वायू जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत ते पोचत नव्हते. शीतयंत्र बंद, म्हणजे टाकी कायमच ठरलेल्या मर्यादेपेक्षा गरम, म्हणून तापमानाची घंटाही निकामी झाली होती. दाबाचा काटा चढला, तेव्हा तो पुष्कळदा चुकतो म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही.

मग गळती कशी ओळखत होते? चौकशीत, वार्तांकनात ते नोंदलं गेलं आहे. कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले, की गळती आहे असं समजायचं. डेव्हीनंतर १६९ वर्षांनी, तागुचीनंतर २२ वर्षांनी, सेन्सर होता माणसाचा डोळा. पिंजऱ्यातल्या पाखराला निदान प्राणवायूचं नळकांडं होतं. शहरासाठीचा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. मध्य प्रदेश सरकारनं गॅसमुळे झालेले ३,७८७ मृत्यू मान्य केले. इतर अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ साल उजाडलं.

घंटा वाजलीच नव्हती, असंही नाही. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकारानं १९८२ मध्ये 'रपट' नावाच्या आपल्या छोट्या साप्ताहिकात आणि जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त हा कारखाना शहराचा घात करील, असं लिहिलं होतं. त्याआधी, १९८१ च्या डिसेंबरात, तिथला एक कामगार विषारी वायूनं मेला होता. केसवानी कवीही होते. शायरांच्या त्या शहरानं त्यांचं ऐकलं नाही. २०२१ मध्ये ते वारले.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांचे नियम. तरीही ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला स्टायरीनची वाफ वस्तीत शिरली आणि बारा माणसं गेली. चौकशी समितीला आढळलं, की टाकीचं तापमान तळाशीच मोजलं जात होतं आणि वरचे थर तापत होते. भोंगा वाजवायची सोय ठिकठिकाणी होती. तो वाजला नाही.

आणि आपल्या शहरांतली गटारं? त्यांत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो आधी नाकालाच बधिर करतो. वास थांबला म्हणून माणसाला बरं वाटतं आणि तेव्हाच तो मरणाच्या दारात असतो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला असं उतरवायला बंदी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली. तरी माणसं उतरतात आणि त्यातले काही वर येत नाहीत. एकाला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. ते बहुतेक कोणत्या जातींचे असतात, हे मी सांगायला नको. हातात मावणारं, चार वायू एकदम मोजणारं उपकरण आज बाजारात मिळतं. ते नाही म्हणून ही माणसं मरत नाहीत. 'उतरत नाही' म्हणायची सोय नाही म्हणून मरतात.

बापू कोणत्या शाळेत गेला होता मला माहीत नाही. मिथेन, मोनॉक्साइड हे शब्द त्यानं ऐकले नसतील. पण त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक पेटता कंदील, आणि कंदील विझला तर मालकाला नाही म्हणण्याची ताकद. पहिली गोष्ट आपण दोनशे वर्षांत फार सुधारली. दुसरी त्याच्याकडे का होती, याचा मी अलीकडे विचार करतो. पेवात उतरणारे हमाल एकमेकांचे होते, ते बापूच्या मागं उभे राहत, आणि मालकालाही ठाऊक होतं, की बापूनं नाही म्हटलं तर दुसरा कोणी उतरणार नाही.

त्या दुपारी तिसऱ्यांदा कंदील सोडला, तेव्हा तो तळापर्यंत जळत गेला. बापूनं वाकून बराच वेळ आत पाहिलं. मग दोरीची गाठ चाचपली, 'चला' म्हणाला आणि सर्वांत आधी स्वतः उतरला.